आत्याचं खरं, काकांचं खरं आणि कागदाचं

नोकरीत माझं काम एकच होतं, दुसरा बोलेल ते लिहून घ्यायचं. लघुलेखिका म्हणून लागले आणि त्याच कामात निवृत्त झाले. लोकांना वाटतं, लघुलेखक शब्द न् शब्द उतरवतो. वहीत उतरवतो, हे खरं. पण टाइपरायटरवर कागद चढवला की दुसरंच काम सुरू व्हायचं. साहेब एक वाक्य तीनदा सुरू करायचे, मध्येच फोन घ्यायचे, "ते आपलं हे" म्हणून पुढे जायचे. त्यातून मी कर्ता, कर्म, क्रियापद जागच्या जागी असलेलं एक सुबक वाक्य काढून त्यांच्यापुढे ठेवायचे. बोलले तसं टाइप केलं असतं तर साहेबांनीच विचारलं असतं, "हे कोण बोललं?"

आता घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करते, आणि पगार घेऊन इतकी वर्षं जे केलं तेच नेमकं इथे करत नाही. ओळखीतल्या बऱ्याच जणांनी विचारलं म्हणून हे लिहायला घेतलं. कुठलं ॲप वापरू, काय काय विचारू, वंशवृक्ष कसा काढू, असंच बहुतेक विचारतात. त्यातलं मला जे ठाऊक आहे ते पुढे येईलच. पण खरी अडचण तिथे नसते. दोन माणसं एकच गोष्ट दोन तऱ्हांनी सांगतात, आणि आपल्यातला कारकून जागा होऊन त्यातली एक खोडायला निघतो, तिथे ती असते.

आधी वडिलांची कॅसेट. मिनिटाला १०० शब्दांच्या परीक्षेसाठी मला श्रुतलेखनाचा सराव हवा होता. वडील संध्याकाळी समोर घड्याळ ठेवून वर्तमानपत्रातले अग्रलेख वाचायचे, मी लिहायचे. ते घरी नसतील तेव्हाही सराव व्हावा म्हणून काही वाचनं कॅसेटवर घेऊन ठेवली. म्हणजे त्या कॅसेटमध्ये वडिलांच्या आयुष्यातलं काहीही नाही, कुठल्याशा अर्थसंकल्पावरचा अग्रलेख आहे. पण वाचता वाचता ते थांबतात. "हे काय लिहिलंय, याला काही अर्थ आहे का," असं स्वतःशीच म्हणतात. एकदा "आलो, आलो" म्हणत उठतात. चपला वाजतात, दार वाजतं, आणि परत येऊन ज्या शब्दावर थांबले होते बरोबर तिथून, त्याच वेगात, पुढे सुरू करतात. परीक्षेच्या दृष्टीने तो सगळा कचरा होता आणि मी तेव्हा चांगली वैतागलेही होते. आज अग्रलेख कोणी ऐकत नाही. घरातली मुलं थेट त्या "याला काही अर्थ आहे का"वर जातात आणि हसतात, कारण माझा भाऊ हुबेहूब तसंच म्हणतो.

(जुनी कॅसेट हाती लागली तर वाजवण्याआधी तिच्या पाठीच्या कडेवरचे दोन चौकोनी तुकडे मोडून टाका. मग चुकून लाल बटण दाबलं तरी वर काही मुद्रित होत नाही. आणि वर्षानुवर्षं पडून राहिलेली कॅसेट तितक्याच जुन्या, कधी न उघडलेल्या टेपरेकॉर्डरमध्ये घालू नका. पट्टी खाल्ली तर रडून उपयोग नाही.)

बोलणं महत्त्वाचं की बोलण्याचा कागद, हा घोळ मोठमोठ्यांनीही घातलेला आहे. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात ॲलन नेव्हिन्स या इतिहासकाराने १९४८ साली मौखिक इतिहासाचं, म्हणजे माणसांच्या तोंडून ऐकून इतिहास नोंदवायचं काम सुरू केलं. आजच्या अर्थाने या विषयाची पद्धतशीर सुरुवात तिथली मानतात. पहिल्या मुलाखतीला यंत्रच नव्हतं, एक विद्यार्थी हाताने टिपणं घेत होता. हे वाचल्यावर मला त्या पोराबद्दल फार आपुलकी वाटली. पुढे टेप आली. पण टेप महाग होती, म्हणून सुरुवातीच्या वर्षांत टंकलिखित प्रत तयार झाली की टेप पुसायची आणि पुढच्या मुलाखतीला वापरायची, अशी तिथली रीत होती. बोलणाऱ्याने तपासून सुधारून दिलेला कागद हाच दस्तऐवज, आवाज म्हणजे त्याचा कच्चा माल. माझ्या साहेबांना हे मनापासून पटलं असतं. त्या पुसलेल्या टेपांवर कोण कुठे अडखळलं, कोणत्या नावापाशी आवाज बारीक झाला, कोणता प्रश्न हसण्यावारी नेला, हे आता कायमचं गेलं.

म्हणून माझा पहिला आणि सर्वांत कडक नियम असा की मूळ फाइलला हात लावायचा नाही. खोकला कापायचा नाही, शांतता कापायची नाही. ऐकवण्यासाठी छोटा तुकडा हवा असेल तर प्रत काढून त्या प्रतीत काय ते करा.

आत्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. तिच्यासमोर पहिल्यांदा फोन ठेवला तेव्हा तिने ताठ बसून, कामावरच्या आवाजात, जन्मतारीख, जन्मगाव, आईवडिलांची नावं, शिक्षण असं सगळं सांगून टाकलं आणि म्हणाली, "झालं. आणखी काय?" बरीच माणसं असंच करतात. आयुष्य सांग म्हटलं की अर्ज भरल्यासारखं सांगतात. त्यांचा दोष नाही, आयुष्याबद्दल आजवर त्यांना फक्त अर्जांनीच विचारलेलं असतं.

मी तिला कागद-पेन्सिल दिली आणि म्हटलं, "तू लहानपणी राहायचीस त्या घराचा नकाशा काढ. दार कुठे होतं?" तिने दार काढलं. मग खिडकी. मग म्हणाली, "इथे मी झोपायचे, इथे आई, आणि या कोपऱ्यात पाय ठेवायचा नाही." का? तिथे माझ्या आजोबांचा, म्हणजे तिच्या वडिलांचा, चष्मा आणि कागद असायचे. मग कागद कसले, चष्मा कधी लागला, रात्री दिवा कुठे असायचा, कोणाच्या आधी कोण उठायचं. त्या दिवशी तासभर बोलली आणि त्यात एकही तारीख नव्हती. एक्स्चेंजबद्दल विचारायचं होतं तेव्हाही "तुझ्या नोकरीबद्दल सांग" म्हटलं नाही. विचारलं, "रात्रपाळीला बोर्डासमोर बसलीस की उजव्या हाताशी काय असायचं?" तिचा हात आपोआप उठला. दोरीचा प्लग उचलायचा, भोकात बसवायचा, कळ मागे ओढून ऐकायचं, कोण बोलतंय याची खात्री करून बाजूला व्हायचं. "बाजूला व्हायचंच असं नाही," ती म्हणाली आणि मिस्कील हसली. ते हसू फाइलमध्ये आहे, कारण मी लगेच पुढचा प्रश्न विचारला नाही. समोरचा थांबला की आपण लगेच तोंड उघडतो, ही सवय फार वाईट. थोडा वेळ नुसतं बघत बसावं. अर्ध्याहून जास्त चांगल्या गोष्टी त्या थांबण्यानंतर येतात.

कोणत्या वयाबद्दल विचारावं याला मानसशास्त्रात आधार आहे. वयस्कर माणसांना मोकळेपणी आठवू दिलं तर साधारण १० ते ३० या वयातल्या आठवणी इतर काळापेक्षा जास्त येतात, हे अनेक प्रयोगांत दिसलं आहे. पहिली नोकरी, पहिलं घर सोडणं, पहिलं मोठं भांडण, सगळं त्याच काळातलं. त्यामुळे "अलीकडे काय चाललंय"पासून सुरुवात करून मागे जाण्यात वेळ घालवू नका. एकविसाव्या वर्षी खिशात काय असायचं, हे विचारा.

आणि प्रत्येक फाइलच्या सुरुवातीला मी माझ्या आवाजात सांगते: आज तारीख अमुक, आम्ही अमुक खोलीत बसलोय, बोलणार आत्या, विचारणार मी, आणि खोलीत आणखी अमुक जण आहेत. शेवटचा भाग लोक गाळतात. तो गाळू नये, आणि का ते एका जुन्या उदाहरणावरून सांगते. अमेरिकेत १९३६ ते १९३८ या काळात सरकारी योजनेतून, पूर्वी गुलामगिरीत राहिलेल्या २३००हून जास्त माणसांच्या मुलाखती घेतल्या गेल्या. त्यात साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्सटन शहरातल्या सुझन हॅमलिन या वृद्धेच्या दोन मुलाखती आहेत. एक गोऱ्या बाईने घेतली. सुझनबाईंना वाटलं, ही मदत-वाटप कार्यालयातून आली असावी. त्या मुलाखतीत मालक बराच भला माणूस आहे. दुसरी मुलाखत कृष्णवर्णीय माणसाने घेतली, आणि तिच्यात चाबूक आहे, आईपासून तोडून विकलेली मुलं आहेत. सांगणारी तीच, आयुष्य तेच. कोण समोर बसलंय हे त्या कागदांवर नोंदलं नसतं, तर दोन्हींपैकी एक मुलाखत आपण "चुकीची" म्हणून बाजूला टाकली असती. आमच्या घरात इतकं भीषण काही नाही. पण आत्या मी एकटी असताना आईबद्दल जे बोलते ते माझी भावजय खोलीत आली की बोलत नाही, आणि हे नोंदल्याशिवाय दोन फाइलींमधला फरक पुढच्या माणसाला कळणार नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येते.

आजोबा छापखान्यात कंपोझिटर होते. शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, एकेक उचलून, उलटे वाचत, ओळ उभी करायची. ते छापखान्यातून बाहेर पडले, आणि कसे पडले याच्या घरात दोन गोष्टी आहेत.

आत्या सांगते, मालकाशी भांडण झालं. मजकुरात राहिलेली कुणाची तरी चूक आजोबांच्या माथी मारली. भर दुपारी ते घरी आले, शर्ट खुंटीला लावला आणि म्हणाले, "संपलं." ती तेव्हा नऊ वर्षांची होती. त्याच वर्षी तिची गाण्याची शिकवणी बंद झाली.

काका सांगतात, भांडणबिंडण काही नाही, आमचे वडील भांडणारे नव्हतेच. डोळे गेले होते. बारीक टाइपातला 'घ' कुठला आणि 'ध' कुठला हे दिसेना. मालकानेच समजावून घरी पाठवलं, आणि काका स्वतः त्यांना हाताला धरून घेऊन आले, संध्याकाळी, दिवे लागल्यावर. काका सोळा वर्षांचे होते आणि म्हणून त्यांना शिक्षण सोडून नोकरी धरावी लागली.

काका आत्यापेक्षा पाच वर्षांनी मोठे. म्हणजे ती नऊची असताना ते चौदाचे. भांडण की डोळे, दुपार की संध्याकाळ एवढंच नाही, सालातच दोन वर्षांचा फरक.

मग ट्रंकेत तळाशी छापखान्याचा दाखला सापडला. त्यावर लिहिलंय की यांनी स्वेच्छेने नोकरी सोडली, वर्तणूक चांगली. आणि तारीख दोघांच्याही नंतरची. त्या तारखेला आत्या तेरा वर्षांची होती आणि काका अठराचे.

माझा चुलतभाऊ खूश झाला. त्याच्या मते वाद मिटला, कागद सापडला, दोघंही चूक. मी त्याला म्हटलं, बाबा रे, असे दाखले मी जन्मभर टाइप केलेत. "स्वेच्छेने" या शब्दामागे काय काय बसवलेलं असतं ते मला विचार. भांडून गेलेला, घालवलेला, थकलेला, सगळे दाखल्यावर स्वेच्छेनेच जातात. भांडून गेला असं लिहिलेला दाखला मी तरी पाहिला नाही. आणि तारीख दाखला दिल्याची असते, तो माणूस गेला तेव्हाची असेलच असं नाही. कोणीतरी नव्या कामासाठी मागितला असेल, तेव्हा चार वर्षांनी काढून दिला असेल. कागद हाही एक सांगणाराच आहे, आणि तो सर्वांत सावध बोलतो.

इटलीतले मौखिक इतिहासाचे अभ्यासक आलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांनी अशाच एका गोष्टीवर काम केलं, ते मला इथे फार उपयोगी पडलं. तेर्नी नावाच्या पोलाद-कारखान्याच्या गावात लुइजी त्रास्तुल्ली हा २१ वर्षांचा कामगार १७ मार्च १९४९ रोजी पोलिसांबरोबरच्या चकमकीत मारला गेला. मोर्चा इटलीने नाटोत जाण्याविरुद्ध होता. तारीख, ठिकाण, कारण सगळं नोंदलेलं आहे. पण पोर्तेल्ली गावात मुलाखती घेत फिरले तेव्हा बरेच कामगार ठामपणे सांगत होते की लुइजी १९५३ साली मेला, कारखान्यातून माणसांना मोठ्या प्रमाणावर काढून टाकलं तेव्हाच्या दंगलीत. म्हातारे आहेत, विसरले, असं म्हणून पोर्तेल्लींनी हे सोडून दिलं नाही. त्यांनी विचारलं, सगळे एकाच दिशेने का विसरले? गावाच्या लेखी खरी जखम होती ती नोकऱ्या गेल्याची. एका तरुणाचा जीव एका साध्या मोर्च्यात, जवळजवळ अपघाताने गेला, हे पचत नव्हतं. म्हणून त्यांनी तो मृत्यू उचलून जिथे त्याला वजन येईल तिथे नेऊन ठेवला.

हे वाचलं आणि आमच्या घरातली दोन वर्षं मला निराळी दिसायला लागली. आत्याने आजोबांचं घरी येणं तिचं गाणं थांबलं त्या वर्षात ठेवलंय. काकांनी ते त्यांचं शिक्षण सुटलं त्या वर्षात ठेवलंय. दोघांनाही आपल्या आयुष्यातलं जे सुटलं त्याला कारण हवं होतं, आणि घरात तेवढं मोठं कारण एकच उपलब्ध होतं. कागदावरची तारीख खरी धरली तर गाणं थांबलं तेव्हा आजोबा कामावर होते, पगार येत होता. मग गाणं का थांबलं? मुलगी म्हणून? मोठ्याच्या फीसाठी? हा प्रश्न त्या "चुकीच्या" सालामुळेच विचारता आला. तारीख दुरुस्त करून टाकली असती तर तो प्रश्नच पुसला गेला असता.

आत्याला दाखला दाखवला. तिने चष्मा लावून दोन्ही बाजूंनी पाहिला. म्हणाली, "कागदावर ते काहीही लिहितील. मी घरात होते."

तिचा हट्ट आहे असं कोणाला वाटेल. पण १९८६च्या जानेवारीत चॅलेंजर हे अमेरिकेचं अंतराळयान फुटलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ उल्रिक नाइसर यांनी विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं होतं की बातमी कळली तेव्हा तुम्ही कुठे होता, कोणी सांगितली. सुमारे अडीच वर्षांनी त्यातल्या ४४ जणांना पुन्हा विचारलं. जवळपास पाव मुलांचं सगळंच्या सगळं बदललेलं होतं, आणि तरी ती अगदी खात्रीने सांगत होती. त्यांना त्यांच्याच हस्ताक्षरातला जुना कागद दाखवला तेव्हाही जुनी आठवण परत आली नाही, नवीच पक्की राहिली. ही विशीतली मुलं, आणि मध्ये जेमतेम अडीच वर्षं. आमच्या आत्याच्या मध्ये सत्तरच्या घरातली वर्षं आहेत.

तेव्हा आठवण चुकते, हे मला मान्यच आहे. माझं म्हणणं एवढंच की चूक कुठे झाली आणि कोणत्या दिशेने झाली, हाही घराचा इतिहास आहे आणि तो कागदात मिळत नाही. मी काय केलं, तर आत्याची फाइल तशीच ठेवली, काकांची तशीच ठेवली, दाखल्याचं छायाचित्र त्याच फोल्डरमध्ये ठेवलं, आणि सोबत अर्ध्या पानाची एक टीप लिहिली: हे तिघं असं असं सांगतात, दाखला अमुक ठिकाणी सापडला, माझा अंदाज अमुक, आणि तो अंदाज आहे. अंदाजाखाली माझी सही आणि तारीख. पुढच्या पिढीतल्या कोणालाही माझा अंदाज खोडता आला पाहिजे.

एकाची मुलाखत दुसऱ्याला मात्र मी ऐकवत नाही. काका विचारतात, "ती काय म्हणाली?" मी सांगते, "तुम्ही तिलाच विचारा ना, काका." विचारत नाहीत. ते म्हणाले तर दोघांना एकत्र बसवीन, पण आधी दोघांचं वेगवेगळं मुद्रित झालेलं हवं. एकत्र बसले की मोठ्याचं ऐकलं जातं आणि धाकटीची गोष्ट त्यात विरघळते.

"हे बंद कर" असं कोणी म्हटलं की बंद करायचं, यात चर्चा नाही. आत्याने दोन-तीन ठिकाणी बंद करायला लावलं. एक गोष्ट तिने चालू ठेवून सांगितली, पण अमुक माणूस हयात असेपर्यंत कोणाला ऐकवायची नाही या अटीवर. ती अटसुद्धा तिच्याच आवाजात मुद्रित करून घेतली आणि फाइलच्या नावातच "बंद" असं लिहिलं. मोठ्या अभिलेखागारांतही मुलाखती काही वर्षं बंद ठेवायची सोय असते. गुपचूप फोन चालू ठेवून बोलणं टिपणं हा प्रकार मला पसंत नाही. घरचाच माणूस असला तरी नाही.

बाकी तंत्राचं थोडक्यात सांगते, त्यात फार रस घेण्यासारखं काही नाही. फोन पुरतो. विमान मोडवर टाका, नाहीतर मधेच कॉल येऊन काही ॲप मुद्रण थांबवतात. टेबलावर थेट न ठेवता घडी केलेल्या कापडावर ठेवा, म्हणजे टेबलाचे ठोके येत नाहीत. बोलणाऱ्यापासून हातभर अंतर. फ्रिज, पंखा, टिकटिक करणारं घड्याळ यांचा आवाज तेव्हा जाणवत नाही, नंतर कान किटतात. रेकॉर्डर घेणारच असाल तर वेव्ह फाइल, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. एका माइकचं एक तासाचं मुद्रण अर्ध्या जीबीच्या आसपास होतं, आजच्या हिशेबात काहीच नाही. फोनने एमफोरए फाइल दिली असेल तर तीच मूळ म्हणून ठेवा. ती वेव्हमध्ये बदलून आवाज सुधारत नाही, फक्त फाइल फुगते. फाइलचं नाव वर्ष-महिना-दिवस या क्रमाने सुरू करा, म्हणजे संगणक आपोआप काळाप्रमाणे लावतो. प्रती तीन, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या घरी. हा तीन-दोन-एकचा नियम पीटर क्रोग या छायाचित्रकाराने रूढ केला. माझी दुसऱ्या घरची प्रत भावाकडे आहे, आणि तो ती वर्षातून एकदा उघडून बघतो की नाही हे मी फोन करून विचारते. डिस्क कपाटात ठेवली म्हणजे जपली असं नसतं.

फोटोंच्या मागे नावं लिहायची तर मऊ पेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने. बॉलपेन उमटतं. चिकट पानांवर पारदर्शक कागद ओढायचे अल्बम असतील तर त्यातले फोटो निघतायत तोवर काढून घ्या.

संपूर्ण बोलणं टाइप करायच्या भानगडीत सगळ्यांनी पडू नये, असं मी, म्हणजे जिचं पोट त्यावर चाललं ती बाई, सांगतेय. एका तासाच्या बोलण्याला सरावलेल्या हातालाही चार-पाच तास सहज लागतात. त्याऐवजी मिनिटांची सूची करा: ४थ्या मिनिटाला घराचा नकाशा, ११व्याला दिवा, २३व्याला एक्स्चेंजची रात्रपाळी. ज्याला हवं तो तिथे जाऊन ऐकेल. आता आवाजावरून आपोआप मराठी मजकूर करून देणारी साधनंही बरी झाली आहेत. मी आत्याची एक फाइल घालून पाहिली. मजकूर बराचसा बरोबर आला, पण तिचं अर्धवट सोडलेलं प्रत्येक वाक्य त्याने पूर्ण केलं होतं, आणि "बाजूला व्हायचंच असं नाही" नंतरचं हसू अर्थातच नव्हतं. वाचताना मला माझंच जुनं टंकलेखन आठवलं. सूची करायला ते साधन वापरते. मजकूर म्हणून जपत नाही.

चुलतभावाला मुलांसाठी घराच्या इतिहासाची एक पुस्तिका छापायची आहे आणि त्यात आजोबांच्या नोकरीबद्दल एकच परिच्छेद हवाय. आमचं यावर अजून जमलेलं नाही. मी म्हणते, डाव्या पानावर आत्या, उजव्या पानावर काका, खाली दाखला. तो म्हणतो, मुलं गोंधळतील. मुलगी मोठी आहे त्याची, आठवीत. तिला विचारलं तर म्हणाली, डाव्या-उजव्या पानाचं मस्त आहे, पण मग मालकाचं कोण सांगणार? छापखान्याच्या मालकाच्या घरीही कोणीतरी म्हातारं असेल आणि त्यांच्याकडे तिसरी गोष्ट असेल, हे आमच्यापैकी कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. ती आता त्या आडनावाची माणसं शोधतेय.

काकांची पुढची बैठक गुरुवारी आहे. या वेळी त्यांना पहिल्या नोकरीबद्दल विचारायचं ठरवलंय, नोकरीचं कारण न विचारता, पहिल्या दिवशी कोणत्या रस्त्याने गेलात इथपासून. त्यांनी आधीच बजावलंय की पंखा बंद केलेला चालणार नाही, त्यांना उकडतं. मग कॉलरला लावायचा छोटा माइक भावाकडून मागवून घेतलाय.